डबीवरची वेळ

मायक्रोबायॉलॉजी मी दोनदा शिकले. एकदा सांगलीत बीएस्सीला, २००८ ते २०११. आणि पुन्हा मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. पुढे एमडीलाही तोच विषय घेतला, त्यामुळे तिसऱ्यांदा म्हटलं तरी चालेल. पण खरा फरक आहे तो पहिल्या दोन खेपांमध्ये. विषयाचं नाव एकच, जंतूंची नावंही तीच. तरी पहिल्या खेपेला हातांनी जे शिकून घेतलं ते दुसऱ्या खेपेला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि दुसऱ्या खेपेला डोळ्यांनी जे पाहिलं त्याची पहिल्या खेपेला गंधवार्ता नव्हती. या दोन शिक्षणांची गाठ नेमकी कुठे पडते हे उमगायला मला दहा-बारा वर्षं लागली.

बारावीनंतर मेडिकल थोडक्यात हुकलं. आण्णा म्हणाले, “वर्ष वाया घालवू नकोस. बीएस्सीला बस, मग बघू.” आमचं गाव मिरज तालुक्यातलं, घरची द्राक्षं आणि थोडा हरभरा. मायक्रोबायॉलॉजी घेतली ती मेडिकलच्या जवळचा विषय वाटला म्हणून.

पहिला महिनाभर जंतूचं दर्शनच झालं नाही. काचसामान धुणं, वाळवणं आणि टेस्ट ट्यूबसाठी कापसाचे बोळे करणं एवढंच काम. बोळे करायला आम्हाला मॅडमपेक्षा लॅबमधल्या मामांनी जास्त शिकवलं. पाणी न शोषणारा कापूस घ्यायचा, त्याची घडी घालून गुंडाळायचा आणि ट्यूबच्या तोंडात फिरवत बसवायचा. मामा प्रत्येकीचा बोळा उपसून बघायचे. “ताई, घट्ट नको आन सैल बी नको. हवा गेली पायजे, धूळ न्हाई.” जंतुविरहित हाताळणीवर पुढे मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण मनात बसलं ते मामांचं वाक्य.

मग मीडिया करायला लागलो. आगर वितळवायचं, फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली १५ मिनिटं ठेवायचे, बाहेर काढून निवू द्यायचे. ओतायचं कधी? फ्लास्क हाताच्या पालथ्या बाजूला टेकवायचा. चटका न बसता धरवला की ओतायचं. फार गरम असताना ओतलं तर झाकणाला वाफ धरते आणि पाण्याचे थेंब कॉलन्यांवर पडतात. थंड होऊ दिलं तर प्लेटमध्ये गुठळ्या होतात. त्या फ्लास्कभोवती आम्हाला उभं करून मॅडमनी फॅनी हेस यांची गोष्ट सांगितली होती. रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत १८८१ च्या सुमाराला जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. ते उन्हाळ्यात पातळ व्हायचं आणि काही जंतू तर ते पचवूनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांची पत्नी फॅनी घरी जेली करताना आगर वापरायची, ते उन्हाळ्यातही वितळत नसे. तिने ते सुचवलं आणि कोख यांनी उचललं. पेट्री यांची बशी त्यानंतरची, १८८७ ची. जगातल्या प्रत्येक मायक्रोबायॉलॉजी लॅबचं रोजचं काम आजही एका बाईच्या स्वयंपाकघरातल्या पदार्थावर चालतं, हे ऐकून माझी छाती फुलून आली होती. हीच फॅनी हेस मला मेडिकलला भेटली ती एमसीक्यूच्या चार पर्यायांपैकी एक म्हणून.

स्ट्रीकिंग मात्र महिनाभर जमेना. नायक्रोमच्या तारेचा लूप ज्योतीत लाल होईपर्यंत धरायचा, प्लेटच्या कडेला आगरात टेकवून थंड करायचा, जंतू घ्यायचा आणि चार भागांत रेघा ओढत न्यायच्या. प्रत्येक भागाआधी लूप पुन्हा लाल करायचा. शेवटच्या भागात जंतू इतके विरळ होतात की एकेकटी कॉलनी सुटी उगवते. जोर लागला की आगर फाटतं, हात हलका पडला की काहीच उगवत नाही. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडताना पोटात गोळा यायचा. ज्या दिवशी मॅकॉन्की आगरवर ई. कोलायच्या गुलाबी, गोल, सुट्या कॉलन्या माझ्या प्लेटमध्ये उगवल्या त्या दिवशी मी ती प्लेट सगळ्या वर्गाला दाखवत हिंडले. मॅडम एवढंच म्हणाल्या, “आता तुझ्या पुढच्या टेस्टवर मी विश्वास ठेवीन.” कॉलनी सुटी नसेल तर पुढची प्रत्येक चाचणी दोन जंतूंची मिळून होते आणि उत्तर कुणाचंच नसतं.

त्या तीन वर्षांत आम्ही काय काय केलं! हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी आण्णांच्या शेतातून उपटून आणल्या, कापल्या तर आत लालसर रंग. त्यातून रायझोबियम वाढवलं. गवळ्याच्या दुधात मिथिलिन ब्लू घालून ते किती वेळात पांढरं पडतं ते घड्याळ लावून पाहिलं. विहिरीच्या पाण्याची एमपीएन टेस्ट केली. डरहॅमच्या इवल्याशा उलट्या नळीत वायूचा बुडबुडा आला की पाणी संशयास्पद. स्वतःच्या तळहाताचा ठसा प्लेटवर उमटवून तिथली वस्ती वाढवली. पाव ओला करून बशीखाली झाकून ठेवला, चार दिवसांनी त्यावर ऱ्हायझोपसचं करड्या कापसासारखं रान माजलं. स्लाइडवर त्याचे मुळांसारखे तंतू आणि त्यांच्या बरोबर वर उभा राहिलेला, काळ्या टोपीचा दांडा पाहिला. इतकं देखणं चित्र मी जर्नलमध्ये दुसरं काढलं नाही.

नव्हता तो फक्त पेशंट. सॅल्मोनेला टायफी कोणकोणत्या साखरा आंबवतो ते मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं, पण टायफॉईडचा माणूस कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं.

२०११ साली टी.वाय.च्या परीक्षेबरोबरच पुन्हा सीईटी दिली आणि या वेळी नंबर लागला. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोबायॉलॉजी आली तेव्हा वाटलं, हा विषय तर माझा घरचा आहे. अनंतनारायण आणि पणिकरांचं जाडजूड पुस्तक उघडलं. प्रत्येक जंतूचं प्रकरण एकाच क्रमाने जायचं: रूप, वाढ, रोग, निदान, उपचार. आणि प्रॅक्टिकल? ग्रॅम स्टेन आणि टीबीचा झील-नील्सन स्टेन तेवढे स्वतः करायचे. बाकी प्लेट्स आधीच तयार करून, झाकणाला चिकटपट्टी लावून स्पॉट म्हणून मांडलेल्या. समोर उभं राहायचं, नाव लिहायचं, घंटा झाली की पुढच्या स्पॉटवर. माझ्या बॅचच्या बहुतेक मुलांनी पूर्ण एमबीबीएसमध्ये एकही प्लेट स्वतः स्ट्रीक केली नाही. शिक्षकांना मी दोष देत नाही. बॅच मोठी, तास थोडे, शिवाय त्याच दीड वर्षात पॅथॉलॉजी, फार्मकॉलॉजी आणि फॉरेन्सिक संपवायचं, सकाळी वॉर्डही करायचा. पण कॉलनी उगवायला रात्र जावी लागते, हे ज्याने कधी अनुभवलं नाही तो डॉक्टर पुढे दुपारी पाठवलेल्या कल्चरचा रिपोर्ट संध्याकाळी मागतो. तो आळशी नसतो आणि मूर्खही नसतो. त्याला कुणी वाट बघायला लावलेलं नसतं, एवढंच.

मेडिकलने मला जे दिलं ते मात्र बीएस्सीच्या दहा वर्षांतही मिळालं नसतं. मेडिसिनच्या वॉर्डात चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. आठ दिवसांचा ताप. हाक मारली तर डोळे उघडायचा, पण बघायचा नाही. जीभ मध्ये पांढरी, कडांना लाल. तापाच्या मानाने नाडी संथ. सरांनी आमच्यातल्या एकेकाला नाडी मोजायला लावली आणि नंतर विचारलं, “जंतू आत्ता कुठे आहे याच्या?” रक्तात, यकृतात, प्लीहेत, आतड्यातल्या लसिकापुंजांत अशी उत्तरं येत गेली. मी गप्प होते. ज्या जंतूला मी तीन वर्षं लूपवर उचलत होते, तो या पोराच्या अंगात काय करत होता ते मला पहिल्यांदाच दिसत होतं. पोराची आई पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपत होती. त्या संध्याकाळी मी टायफॉईडचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग इंटर्नशिप आली, आणि तिथे माझ्या हातून घडलेली गोष्ट मी आजही दर बॅचला सांगते. रात्रीचे दोन वाजून गेले होते. साठीतले एक आजोबा थंडी वाजून कुडकुडत होते. रेसिडेंटने सांगितलं, ब्लड कल्चर घे. कॅज्युअल्टीतून आणखी दोन पेशंट वर येत होते. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, शीर सापडेना म्हणून त्याच जागी बोटाने पुन्हा चाचपलं, स्पिरिट वाळायची वाट न पाहता सुई घातली आणि एकाच बाटलीत कसंबसं पाच मिली रक्त सोडलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस. हा जंतू रक्तात खरोखरच असू शकतो, आणि नीट न पुसलेल्या कातडीवरून बाटलीत पडलेलाही असू शकतो. वेगवेगळ्या जागांहून घेतलेल्या दोन बाटल्या असत्या तर पडताळता आलं असतं. बाटली एकच होती. आजोबांना व्हॅन्कोमायसिन सुरू झालं. त्यांच्या मुलाने ते बाहेरून विकत आणलं. पुन्हा घेतलेली कल्चर्स कोरी आली तेव्हा ते थांबलं.

मी लॅबमध्ये जाऊन ती प्लेट पाहिली. ब्लड आगरवर बारीक पांढऱ्या कॉलन्या. ओळखीच्या होत्या. सांगलीत माझ्या तळहाताच्या ठशातून उगवल्या होत्या त्याच. तीन वर्षं ज्योतीजवळ हात धरून काम केलेली मी, वॉर्डात अर्धा मिनिट थांबले नव्हते. लॅब म्हणजे जंतुविरहित काम आणि वॉर्ड म्हणजे धावपळ, अशा दोन वेगळ्या खोल्या माझ्याही डोक्यात तयार झाल्या होत्या.

अशा वेळी मला हाफकिन आठवतात. मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी त्यांच्या लसीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांची मानहानी झाली. बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. बाटली प्रयोगशाळेतून शुद्ध निघाली, तरी माणसाच्या दंडापर्यंत ती शुद्ध पोचायची होती. आमच्याकडे प्रवास उलटा असतो, माणसाकडून बाटलीकडे. धोका तोच.

बाँडचं वर्ष मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. तिथे येणाऱ्या तापाच्या पेशंटच्या हातात हमखास विडालचा कागद असायचा. “मॅडम, टायफॉईड निघालाय.” तापाच्या दुसऱ्याच दिवशी केलेली एकटी विडाल काय सांगणार? आधी कधी येऊन गेलेल्या संसर्गानेही ती वर दिसते. पण कल्चरची सोय जिल्ह्याच्या गावाला आणि कागद दोन तासांत हातात, म्हणून लोक कागदावर विश्वास ठेवायचे. तिथे बीएस्सी कामी आली ती पावसाळ्यात. एका वाडीत गॅस्ट्रोचे पेशंट वाढायला लागले तेव्हा आरोग्यसेवकाबरोबर मी विहिरीवर गेले. ओटी टेस्टच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पिवळा रंग आलाच नाही. म्हणजे क्लोरीन नावालाही नव्हतं. टीसीएल पावडरचं पोतं ग्रामपंचायतीत उघडं पडून ओलावलेलं. तिथेच पाण्याचा नमुना घेतला: बाटलीच्या तोंडाला हात न लावता, दोरी निर्जंतुक करून, थर्मासमध्ये बर्फावर ठेवून. सरपंचांना मी डरहॅमच्या नळीतल्या बुडबुड्याची आकृती कागदावर काढून दाखवली. नवं पोतं दुसऱ्या दिवशी आलं.

२०१८ मध्ये एमडीला मायक्रोबायॉलॉजी घेतली तेव्हा आईने विचारलं, “म्हणजे आता पेशंट नाही तपासायचे?” मी म्हटलं, “तपासायचे, आई. फक्त ते डबीतून येतात.”

ते डबीतून कसे येतात हे मात्र तेव्हा कळलं. थुंकी म्हणून लाळ यायची. जखमेचा स्वॅब वाळून कडक झालेला यायचा. आणि एक डबी अशी आली की ती मी विसरू शकत नाही. एका तरुण बाईच्या मणक्यातून ऑपरेशन करून काढलेला तुकडा, टीबीचं कल्चर आणि जीन तपासणीसाठी. झाकण सैल केल्याबरोबर नाकाला झोंबलं: फॉर्मॅलिन. पॅथॉलॉजीला तुकडा फॉर्मॅलिनमध्येच लागतो, म्हणून ऑपरेशन थिएटरमधल्या कुणीतरी सवयीने दोन्ही डब्या त्यानेच भरल्या होत्या. आतला प्रत्येक जंतू मेलेला. आम्हाला हवा होता साध्या निर्जंतुक सलाईनच्या डबीत. मी फोन केला. पलीकडचा रेसिडेंट क्षणभर बोललाच नाही. पुन्हा ऑपरेशन करणं शक्य नव्हतं. टीबीची औषधं अंदाजाने सुरू झाली. तिच्या जंतूवर रिफॅम्पिसिन चालेल का, हे सांगू शकणारी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या हातात मरून पडली होती. दोष कुणा एकाचा नव्हता. कल्चरला काय लागतं हे त्या रेसिडेंटने पुस्तकात वाचलेलं होतं. त्याने कधी ते केलेलं नव्हतं.

लघवीच्या डब्यांचं दुखणं वेगळं. काही वॉर्डांतून कल्चरमध्ये भरमसाट वाढ यायची, पेशंटला लक्षण मात्र एकही नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्ही ग्रोथ कर्व्ह काढला होता. दर अर्ध्या तासाने कलरीमीटरवर रीडिंग घेऊन, सेमीलॉग कागदावर. चांगल्या परिस्थितीत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत एकाचे ५१२. लघवीच्या डबीत तो इतका भराभर वाढतोच असं नाही, पण उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेल्या डबीत तो स्वस्थही बसत नाही. आमचा हिशेब असा, की एका मिलिलिटरमागे एक लाख जंतू असले तर संसर्ग धरायचा. पण ते लाख पेशंटच्या मूत्राशयात होते की डबीत झाले, हे प्लेट सांगत नाही. एका दुपारी मी सरळ वॉर्डात गेले.

“मावशी, ह्या डब्या किती वाजताच्या?”

“राऊंडच्या आधीच्या, मॅडम. सकाळी सातच्या. मामा एकदाच नेतात ना, ट्रे भरला की.”

ट्रे लॅबमध्ये यायचा एक वाजता. सहा तास. दोन तासांच्या आत लॅबमध्ये, नाही तर फ्रीजमध्ये, हा नियम सगळ्यांनी लिहून पास झालेला. सिस्टर इन्चार्जनी दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून दिला आणि मामांची एक फेरी साडेआठला वाढवून घेतली. या कामाला एक पैसाही लागला नाही. ग्रोथ कर्व्ह मला सांगलीत शिकवला होता आणि त्याचा उपयोग कुठे आहे हे मला मावशींनी दाखवलं.

२०२० चा उन्हाळा सगळ्यांनीच भोगला, त्याबद्दल फार लिहीत नाही. पण एक गोष्ट नोंदवायलाच हवी. आमच्याकडे आरटीपीसीआर लॅब उभी राहिली तेव्हा आम्ही डॉक्टर रेसिडेंट पीपीई घालून उभे होतो, आणि मायक्रोलिटरचं पिपेट चालवायचा सराव होता तो कंत्राटावर आलेल्या एमएस्सी झालेल्या मुलामुलींना. स्वच्छ खोलीतून मळक्या खोलीकडेच जायचं, उलट फिरायचं नाही. टिप प्लेटमधल्या खळग्याच्या कडेला लावायची नाही. निगेटिव्ह कंट्रोल पॉझिटिव्ह आला तर अख्खी प्लेट पुन्हा लावायची, कितीही रात्र झाली तरी. हे सगळं त्यांनी आम्हाला शिकवलं. पगार आमच्यापेक्षा पुष्कळ कमी, कराराची मुदत काही महिन्यांची. साथ ओसरल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांचे करार संपले. हा अन्याय आहे असं मी तेव्हा विभागात बोलले होते, आजही तेच म्हणते. वैद्यकीय पदवी नसलेला मायक्रोबायॉलॉजिस्ट हा लॅबचा पाहुणा नाही.

मे २०२१. रात्री दीडला ईएनटीचा रेसिडेंट स्वतः डबी घेऊन आला, मामांची वाट न बघता. चाळिशीतले एक रिक्षाचालक. कोविडमधून उठले होते, साखर वाढलेली, डाव्या गालाला सूज, डोळा बाहेर आलेला. नाकातून काढलेला काळपट तुकडा सलाईनमध्ये होता. असा तुकडा एरवीसारखा खलायचा नसतो. म्युकर गटातल्या बुरशीच्या तंतूंना आडपडदे नसतात, खलले की ते फुटतात आणि मग कल्चरमध्ये उगवत नाहीत. ब्लेडने त्याचे बारीक काप करायचे. एक काप स्लाइडवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, कव्हरस्लिप ठेवली. पेशी विरघळेपर्यंत थांबावं लागतं. तो मागे उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. मी म्हटलं, “बसा डॉक्टर, दहा मिनिटं लागतीलच.” तो बसला नाही.

दहाच्या भिंगाखाली सरकवत गेले आणि ते दिसले. रुंद, फितीसारखे, कुठे दुमडलेले, काटकोनात फांद्या फुटलेले, आत एकही आडपडदा नाही. चाळीसवर घेऊन पुन्हा खात्री केली. त्याला भिंगातून दाखवलं. तो लगेच फोनवर बोलत बाहेर पडला आणि सकाळी ऑपरेशन झालं. काही दिवसांनी ट्यूबमध्ये करड्या कापसाचं रान वाढून बोळ्यापर्यंत पोचलं. स्लाइड केली: मुळांसारखे तंतू, बरोबर त्यांच्यावर उभा दांडा, काळी टोपी. ऱ्हायझोपस. बारा वर्षांपूर्वी ओल्या पावावर वाढवून मी ज्याचं सगळ्यात सुंदर चित्र काढलं होतं, तो.

त्या रात्री आणखी एक गोष्ट मनात आली. त्यांना जे अँफोटेरिसिन मिळणार होतं, आणि ज्याच्यासाठी त्या महिन्यात नातेवाईक गावोगाव हिंडत होते, तेही एका जंतूचंच देणं आहे: मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसचं. बीएस्सीला आम्ही फर्मेंटरच्या आकृत्या काढल्या, पिंपरीला १९५५ पासून पेनिसिलिन कसं तयार होऊ लागलं ते शिकलो, तेव्हा जंतू म्हणजे कामाला लावायची चीज होती. मेडिकलला तो फक्त आरोपी झाला. माझ्यासमोर त्या रात्री दोन्ही होते, एक स्लाइडवर आणि एक औषधाच्या बाटलीत. मला दोन्ही ओळखता आले ते दोन्ही ठिकाणी शिकले म्हणूनच. रिक्षाचालकांचा डावा डोळा काढावा लागला. ते वाचले, आणि पावसाळ्यानंतर तपासणीला आले तेव्हा बायकोचा हात धरून स्वतःच्या पायांनी चालत आले.

आता मी स्वतः शिकवते. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक प्लेट स्वतः स्ट्रीक करायला लावते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडायला बोलावते. वेळ काढावा लागतो, मीडिया जास्त लागतं, विभागात कुरकुर होते. पण कॉलनी सुटी आलेली पाहताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. बीएस्सी, एमएस्सीच्या मुलांना मी उलट सांगते: शक्य असेल तेव्हा वॉर्डात जाऊन ज्याचा नमुना तुम्ही तपासताय त्या माणसाला बघून या.

आणि वाचणाऱ्यांना, डॉक्टर असा की पेशंटचे नातेवाईक, एक मागणं आहे. कल्चरसाठी रक्त घ्यायचं असेल तर शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्या, दोन जागांहून घ्या, स्पिरिट वाळू द्या. पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र औषध अडवू नका. नातेवाईकांनी विचारायला संकोच करू नये: “कल्चर पाठवलंय का?” कल्चरच्या डबीत फॉर्मॅलिन घालू नका. आणि लघवीच्या डबीवर नाव आणि वॉर्ड लिहिता, तसंच नमुना किती वाजता घेतला तेही लिहा.